एका कार्डाच्या दोन चुली

पंचवटी

नाशिकहून परत आल्यावर मिरजेत प्रत्येकानं मला दोनच गोष्टी विचारल्या. रामकुंडात अंघोळ केली का, आणि द्राक्षं आणली का. अंघोळ केली नाही. पाणी पाहिलं, पाय धुतले आणि नमस्कार करून वर आले. द्राक्षं मात्र आणली, शेजारीपाजारी वाटली, आणि ती खाणाऱ्यांना जे सांगता आलं नाही ते आता लिहायला बसले आहे.

माझी नोकरी एसटीत झाली, मिरज डेपोत, आरक्षणाच्या खिडकीवर. त्यामुळे गाडीत बसले की मला ड्रायव्हरच्या चुका दिसतात आणि त्या बोलून दाखवायची खोड आहे. नाशिकला निघाले ती मावसबहीण शैलाकडे. ती दिंडोरीजवळच्या एका गावात दिलेली, घरची द्राक्षबाग. किती वर्षं बोलावत होती. दरवर्षी मी काहीतरी कारण काढायचे. यंदा कारणं संपली.

पंचवटीत सकाळी भाजीबाजारातून चालत दिंडोरीच्या गाडीसाठी नाक्यावर आले. तिथं रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस माणसं बसली होती. बायका, पुरुष, अंगावरची पोरं, गोधड्यांची बोचकी, भांड्यांचं गाठोडं. एक बागायतदार पिकअप लावून त्यांच्याशी बोलत होता. त्याला थोडीच माणसं हवी होती.

"आम्ही सगळे," त्यांच्यातला एक जण म्हणाला.

"अरे, सगळे कुठं ठेवू? जोड्या घेतो मी. बाकीचे दुसरीकडं जातील."

"टोळी फुटत नाय."

बागायतदारानं बराच वेळ घासाघीस केली, मग वैतागून गाडी काढली. ती माणसं तशीच उन्हात बसून राहिली. काम हातचं गेलं तरी कुणाच्या तोंडावर पश्चात्ताप दिसेना. मला तो हट्ट वाटला. आमच्याकडे सांगली-तासगावच्या बागांत कामाला माणसं येतात ती सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात, त्यामुळे टोळी ही काय चीज असते ते मला माहीत नव्हतं. एका पाड्यातून निघालेले लोक एकत्रच उतरतात, एकत्रच राबतात आणि होळीला एकत्रच परत जातात, हे मला शैलाच्या बागेत कळलं.

दिंडोरी

शैलाची बाग मी आधी हेव्यानं आणि मग प्रेमानं पाहिली. आमच्याकडचा माल बराचसा बेदाण्याला जातो. इथं परदेशी जायचा माल, म्हणून घडाची बडदास्त नव्या नवरीसारखी. प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला. तोडणी चालू होती. बायका कात्रीनं घड उतरवायच्या, तळहातावर धरून खराब मणी हलकेच काढायच्या आणि क्रेटमध्ये ठेवायच्या. मण्यावरची पांढुरकी लव पुसता कामा नये म्हणून घड फक्त देठाला धरायचा. मी एक घड उचलला तर सगळ्या जणी माझ्या बोटांकडे बघायला लागल्या. मी तो गुपचूप खाली ठेवला.

बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथं सुरगाण्याकडून आलेली टोळी राहायची. त्यातली मंजुळा माझ्याशी पहिल्यांदा बोलली, कारण तिचं तान्हं माझ्या चष्म्याला हात घालत होतं. अंगानं बारीक, बोलणं हळू, आणि हसताना तोंडावर पदर. नवरा काशिनाथ क्रेट वाहायचा. घरी, डोंगरातल्या पाड्यावर, काशिनाथची म्हातारी आई आणि या दोघांची थोरली लेक कविता. कविता आठवीत.

"तिला आश्रमशाळेत का नाही घातलं? तिथं राहणं-जेवण होतं ना?" मी विचारलं. सल्ला देताना मला वेळ लागत नाही.

"घातली असती, मावशी. मंग म्हातारीपाशी कोन?" मंजुळा म्हणाली. "म्हातारी हाय म्हनून पोर शिकती. पोर हाय म्हनून म्हातारी तठं राहती. नायतर दोगींना अठं आनावं लागंल. अठं आनली का पोरीची शाळा गेली."

हे ती अगदी सरळ म्हणाली. आमच्या घरात मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टी फीपासून सुरू होतात. तिच्या घरात त्या म्हातारीच्या पोटापासून सुरू होत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पाड्यावरून शेजाऱ्याचा फोन आला. तो टेकडीवर चढून बोलत होता, कारण खाली रेंज नाही. बोलणं तुटत तुटत आलं. म्हातारी रेशनच्या दुकानात गेली होती. दुकानदारानं सांगितलं की तुमच्या कार्डावरचं धान्य उचललं गेलं आहे. मागच्या महिन्यातही असंच सांगितलं होतं. मग फोन कटला आणि पुन्हा काही लागला नाही.

मंजुळा क्रेटपाशीच खाली बसली. तिच्या तोंडाचा रंग बघून मी घाबरले.

झालं होतं ते असं. आता देशात कुठंही रेशन घेता येतं, हे टोळीला इथं कळलं. काशिनाथनं इथल्या दुकानात अंगठा लावला. त्याला वाटलं, इथं आपलं दोघांचं मिळेल आणि तिकडं आई तिचं आणि पोरीचं घेईल. मशीनला दोन चुली दिसत नाहीत. तिला कार्ड दिसतं. तिनं सगळ्या घराचं धान्य एकदम दिलं.

"एवढं धान्य हातात आल्यावर तुम्हाला शंका नाही आली?" मी जरा रागानंच विचारलं.

काशिनाथ मान खाली घालून उभा होता. उत्तर मंजुळानं दिलं. "तठं दुकानात आमाला सगळ्या घराचं मिळून एवढं कदी भेटलं नाय, मावशी. आमाला वाटलं, दिंडोरीकडं दोगांना एवढं देत असतील."

माझा राग जागच्या जागी उतरला आणि भलतीकडे गेला. सगळ्या घराचा पुरा वाटा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यांना तो दोघांचा वाटला, आणि त्यात त्यांनी टोळीतल्या ज्यांचे अंगठे मशीनवर उमटत नव्हते त्यांनाही जेवू घातलं. मागच्या महिन्याचं असं संपलं होतं. या महिन्याचं बरंचसं डब्यात होतं.

दुकान

संध्याकाळी मी मंजुळाला घेऊन रेशनच्या दुकानात गेले. गल्ल्यावरची बाई वाईट नव्हती. तिनं आम्हाला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"मशीनवर थोडं इथं, थोडं तिकडं घ्यायची सोय हे," ती म्हणाली. "पण आधी सांगायला पाहिजे ना. यांनी अंगठा लावला, मी दिलं. मला काय माहीत घरी कोण हे?"

"त्यांना ही सोय आहे हे कोण सांगणार होतं?"

"बोर्ड लागलेला हे की."

बोर्ड होता. साखरेच्या पोत्यांमागे निम्मा झाकलेला. मंजुळाला वाचता येत नाही, आणि मला येतं तरी तो दिसला नसता.

"मग हे परत जमा करून तिकडं देता येईल का?"

"नाय हो मावशी. उचललं का उचललं. मशीन परत घेत नाय."

आरक्षणाच्या खिडकीवर बसून अशी उत्तरं मीही लोकांना पुष्कळ दिली आहेत, त्यामुळे त्या बाईशी भांडायचा धीर झाला नाही. येताना मंजुळा सारखी एकच गोष्ट म्हणत होती. म्हातारी कुणापुढं हात पसरणार नाही. म्हातारी पोरीला घेऊन इकडं येईल. म्हातारी इकडं आली तर संपलं.

धान्य पोचवायला हवं होतं, तेही लगेच. काशिनाथला जाता येत नव्हतं. कंटेनर भरायचा होता आणि टोळीतला एक गेला की सगळ्या टोळीचं काम अडतं. शैलाचे यजमान पॅकिंगच्या शेडमधून हलत नव्हते. मी रिकामी होते. शैला म्हणाली, "सुमाताई, तू कुठं त्या घाटात जातेस एकटी?" मी म्हणाले, "अगं, मी एसटीची माणूस." आणि पुढं तिला बोलू दिलं नाही.

मंजुळानं जुन्या लुगड्यात तांदूळ बांधले. स्वतःसाठी किती ठेवले ते तिनं मला दाखवलं नाही. वर शैलानं एका पिशवीत द्राक्षं दिली, म्हातारीला आणि पोरीला.

सुरगाण्याच्या वाटेवर

दिंडोरीहून गाडी वणीला येईपर्यंत दोन्ही बाजूंनी बागाच बागा. वणीला चहा प्यायले. पुढं बागा विरळ झाल्या, मग संपल्या, आणि साग, पळस आणि कापून मोकळी झालेली भाताची खाचरं सुरू झाली. एकाच जिल्ह्यात इतका फरक मी पाहिला नव्हता. खाली पाण्याच्या नळ्या प्रत्येक वेलीच्या बुडाशी आणि वर बायका हंडे घेऊन उतरणीवर.

गाठोडं पायाशी ठेवलं होतं. घाटाच्या आधी समोरच्या बाकावरची बाई ओरडली, "ओ आजी, तांदूळ सांडतोय!" लुगडं जुनं, एका जागी विरलेलं. पत्र्यावर तांदळाची रेघ झाली होती. त्या बाईनं त्या लुगड्याच्याच टोकाची गाठ मारून भोक बंद करून दिलं आणि आम्ही दोघी वाकून दाणे वेचत बसलो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि दाण्यांवर पडू नये म्हणून एक पाय वर घेऊन उभा राहिला. ते पाय वर घेणं मला आवडलं.

घाटात वरून एक गाडी आली आणि दोन्ही ड्रायव्हर खिडकीला खिडकी लावून थांबले. एसटीत हा रिवाज आहे. तंबाखूची चिमूट, पुढच्या वळणाची खबर, कुणाची ड्युटी बदलली याची चौकशी. नियमात बसत नाही. एरवी मी टोकलं असतं. पण माझ्या अगदी समोरच्या खिडकीत एक मुलगी बसली होती, शाळेच्या गणवेशात. निळा फ्रॉक, वर मोठ्या माणसाचं स्वेटर, मांडीवर दप्तर. घाटामुळं तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मळमळतंय का गं?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. मी पिशवीतून एक घड काढला आणि हात लांब करून तिच्या हातात दिला. "एकेक मणी चोख, बरं वाटेल. आणि शाळेच्या दिवशी कुठं निघालीस गं?"

ती नुसती हसली. तिच्या पलीकडं बसलेल्या म्हातारीनं घड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला लावला. तेवढ्यात गाड्या सुटल्या.

पाडा

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की चौकशी येते, आणि चौकशी आली की ती सर्वांत आधी गरिबाच्या दारात उभी राहते.

थांब्यावरून चढ होता. एका माणसानं आपणहून गाठोडं डोक्यावर घेतलं. तोच तो शेजारी निघाला, फोन करणारा, जिवाबाबा. सत्तरीचा असेल, पण माझ्यापेक्षा भराभर चढत होता. काशिनाथचं घर कुडाचं, सारवलेलं, अंगण झाडून लख्ख. दाराला कडी नव्हती. सुतळीनं बांधलं होतं.

"गेल्या ना दोगी," जिवाबाबा म्हणाला. "आज सकाळच्या गाडीनं. तुमाला नाय दिसल्या?"

मी त्या अंगणातच बसले. निळा फ्रॉक, मोठ्या माणसाचं स्वेटर. मला काही विचारायची गरज राहिली नव्हती, तरी मी विचारलं, "कविता गणवेशात होती का?"

"तेच तिचं चांगलं कापड."

त्यानं बाकीचं सावकाश सांगितलं. शाळेत दुपारी खिचडी मिळते. मागच्या महिन्यापासून पोर निम्मी खिचडी डब्यात घालून घरी आणायची. म्हातारीला सांगायची, आज जास्त शिजली होती. कणगीतली नागली, म्हणजे आपली नाचणी, थोडी होती तीही संपली. शेजाऱ्यांनी दिलं, पण म्हातारी रोज घ्यायला तयार नव्हती. म्हणायची, माझा लेक कमावतो, मी कुनाच्या दारात का जाऊ? परवा तिनं डबा उघडून पाहिला आणि पोर निम्मंच जेवते हे तिला कळलं. त्यानंतर ती ऐकेना.

"मी फोन करत व्हतो," तो म्हणाला. "लागंना. टेकडीवर दोनदा चढलो."

त्याच्या सुनेनं मला नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. आमच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या जिभेला नागली आधी मातकट लागते, मग आवडते. त्या दिवशी मी ती नुसतीच गिळली. दिलेलं टाकायचं नाही म्हणून खाल्ली.

जाताना शाळेत गेले. बाई तरुण होत्या, फळ्यावर तारीख लिहीत होत्या. कविता गेली हे त्यांना माझ्याकडून कळलं. त्यांनी खडू खाली ठेवला. "सांगितलं असतं तर मी हमीपत्र दिलं असतं," त्या म्हणाल्या. "ते दाखवलं की मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. पण सांगायलाच कुणी येत नाही. एक दिवस बाक रिकामा दिसतो." त्यांनी ते पत्र तिथंच लिहून माझ्याजवळ दिलं. मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. गाठोडं जिवाबाबाकडे ठेवावं असा विचार आला, पण ज्यांचं ते त्यांना मिळायला हवं. शेवटच्या गाडीनं ते घेऊनच वणीपर्यंत आले, तिथं शैलाच्या नणंदेकडे राहिले आणि सकाळी दिंडोरीला परतले.

पुन्हा दिंडोरी

बागेत गेले तेव्हा म्हातारी पत्र्याच्या खोलीपाशी उन्हात बसून तान्ह्याला अंघोळ घालत होती. मला बघून तिनं आधी ओळखलं नाही. ओळखलं कवितानं. ती आईच्या शेजारी उभी राहून खराब मणी काढत होती, तोच निळा फ्रॉक, हातात कात्री.

"आजी, तुमीच घड दिला होता ना?" ती म्हणाली. "आम्ही दोगींनी खाल्ला. लय गोड होता."

मंजुळानं माझ्याकडे आणि गाठोड्याकडे पाहिलं. तिनं गाठोडं उचललं, खोलीत नेलं आणि तांदूळ परत त्याच डब्यात ओतले. तो आवाज मला बाहेर ऐकू आला आणि मग माझ्यानं राहवेना. मी वेलींच्या ओळीत जाऊन रडून घेतलं. मी म्हाताऱ्या माणसासारखी रडले, आवाज न करता आणि नाक पुसत.

म्हातारीची समजूत घालायचा प्रयत्न मी केला. म्हटलं, आता चूक कळली आहे, पुढच्या महिन्यापासून काशिनाथ थोडंच घेईल, तुम्ही परत जा. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाय, पुढचा महिना येस्तवर तठं चुलीवर काय ठेवू?" तांदूळ आहेत की, मी म्हणाले. ती म्हणाली, "मंग हे काय खातील? राबत्यात ना हे." त्या डब्यातलं धान्य एकाच जागी पुरणार होतं आणि कुठं पुरवायचं ते तिनं ठरवलं होतं.

शैला माझ्यापेक्षा कामाची. तिनं हमीपत्र घेतलं आणि कविताला दुसऱ्याच दिवशी गावातल्या शाळेत नेलं. मुख्याध्यापकांनी कटकट न करता बसवून घेतलं. पोर पाच-सहा दिवस गेली. तोवर बागेतली तोडणी संपली, आणि टोळीला पलीकडच्या तालुक्यात काम लागलं. म्हातारीला आणि पोरीला शैलाकडे ठेवून घ्यायचं बोलणं मी काढलं. काशिनाथ पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "टोळी फुटत नाय, मावशी." पंचवटीच्या नाक्यावर मला जो हट्ट वाटला होता तोच हा. आता मला त्याचा अर्थ कळत होता. परक्या गावात आजारी पडलं, पाय घसरला, कुणी हुसकावलं, तर दुसरं कुणी धावून येणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. हमीपत्र मंजुळानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्यांच्या गाठोड्यात ठेवलं. पिकअप निघाली तेव्हा कविता मागच्या फळीला धरून उभी होती. गणवेशाच्या बाहीवर द्राक्षाच्या रसाचे डाग वाळले होते.

मी मिरजेला आले. सरकारला पत्र लिहावं म्हणून दोनदा बसले. काय लिहायचं ते सुचत नव्हतं असं नाही. योजना आहे, सोय आहे, बोर्ड आहे, शाळा आहे, बाई चांगल्या आहेत. यातलं प्रत्येक खरं आहे आणि तरी पोरीचा बाक रिकामा आहे, हे कुठल्या खात्याला लिहायचं ते कळेना.

गेल्या आठवड्यात शैलाचा फोन आला. काशिनाथ नव्या महिन्याचं रेशन घ्यायला शैलाच्या गावच्याच दुकानात आला होता, ओळखीचं दुकान म्हणून. बरोबर कविता होती, पोतं धरायला. मी उतावीळपणे विचारलं, "अगं, त्यानं सांगितलं ना बाईला, थोडं इथं आणि थोडं तिकडं म्हणून?"

शैला म्हणाली, "आता तिकडं कोण आहे, ताई?"

त्यानं अंगठा लावला. पहिल्या खेपेलाच उमटला. मशीननं सगळ्या घराचं धान्य दिलं आणि या वेळी ते बरोबर होतं.